सांजेपासून सुरू होणारे दिवस

इस्रायलची तिकिटं काढल्याचं कळवायला तिथल्या दिमोना गावच्या मावशींना फोन केला, तेव्हा विमान किती वाजता पोचतं हे त्यांनी विचारलंच नाही. "कालनिर्णय बघितलंस का?" एवढंच विचारलं.

या मावशी ठाण्याला आमच्या शेजारी राहायच्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या. चाळीसएक वर्षांपूर्वी बिऱ्हाड घेऊन इस्रायलला गेल्या, पण मराठी अजून अष्टागरातलं आहे.

"अगं, तेरा तारखेला कोजागिरी. म्हणजे आमचा सुक्कोतचा सणही त्याच संध्याकाळी लागणार. दुपारनंतर बस मिळायची नाही. सकाळी पोचणारं विमान बघ."

ज्यूंचं पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि सूर्याशी मेळ घालायला अधूनमधून अधिक महिना धरतं. त्यामुळे त्यांच्या तिश्री महिन्याची पौर्णिमा बऱ्याच वर्षी आपल्या आश्विनाच्या पौर्णिमेवर येऊन बसते. आम्ही गेलो त्या २०१९ साली तशी ती बसली होती. फरक एवढाच, की आपला दिवस उगवतो आणि त्यांचा मावळतीला सुरू होतो. शनिवारचा शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की सुटतो.

नवऱ्याला आकाशदर्शनाचं वेड. त्याने फोनवरचं हे बोलणं ऐकलं आणि सगळा बेतच रात्रींवर बेतला. पौर्णिमेला जेरुसलेम, मग चंद्र जसजसा उशिरा उगवत जाईल तसतसं दक्षिणेला वाळवंटाकडे सरकायचं, आणि शेवटी रामोन नावाच्या विवराच्या काळोखात पोचायचं. दुपारी झोपायचं, संध्याकाळी बाहेर पडायचं. मी विरोध केला नाही, कारण ऑक्टोबरातही तिकडचं दुपारचं ऊन काय असतं ते मावशींनी सांगून ठेवलं होतं.

रविवार, १३ ऑक्टोबर : जेरुसलेम

विमान सकाळी पोचलं, पण बाहेर पडेपर्यंत दुपार झालीच. बस गेल्या होत्या. दहा माणसं भरल्याशिवाय न हलणारी ‘शेरूत’ नावाची सामायिक टॅक्सी मिळाली. आपल्या काळ्या-पिवळ्या जीपची ही सख्खी बहीण, फक्त टपावर कोणी नव्हतं.

मुक्काम जुन्या शहरात, जाफा दरवाजाच्या आत. सोळाव्या शतकात ऑटोमन सुलतान सुलेमानने बांधलेला साधारण चार किलोमीटरचा तट जुन्या शहराला आहे, आणि आत चिंचोळ्या, दगडी, चढउताराच्या गल्ल्या. संध्याकाळी ज्यू वस्तीत शिरलो तर प्रत्येक गच्चीत आणि अंगणात मांडव. सुक्कोतचे सात दिवस जेवण या मांडवात घ्यायचं. वर झावळ्या आणि फांद्या. मावशींनी त्याचा नियम सांगितला होता. सावली हवी, पण छप्पर इतकं दाट नको की आतून तारे दिसणार नाहीत. कापडाच्या भिंतींमागून ताटवाट्यांचे आवाज, पोरांची गाणी. आम्ही गल्लीतून चालत होतो आणि दोन्ही बाजूंना लोकांची जेवणं चालू होती. कोणाच्या घरात डोकावल्यासारखं अवघडायला झालं.

चंद्र ऑलिव्हच्या डोंगरावरून वर आला तेव्हा आम्ही वस्तीतल्या एका सपाट छपरावर होतो. जुन्या शहरात अशी छपरं एकमेकांना जोडलेली आहेत. खाली बाजार आणि वर माणसांची ये-जा.

तिथून पश्चिम भिंतीकडे, म्हणजे ज्यूंच्या जुन्या मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या तटाकडे उतरलो. ही भिंत चोवीस तास उघडी असते. सणाच्या रात्री तिथे फोटो काढायचे नाहीत, फोन बाहेर काढायचा नाही. सुरुवातीला हात शिवशिवले, मग बरं वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हेरोद राजाच्या काळातल्या दगडांना कडेने कोरून काढलेली पट्टी असते. दिवसा फोटोत ती कधी नीट दिसली नव्हती. रात्री दिव्यांच्या तिरक्या उजेडात प्रत्येक दगडाची चौकट सावलीने उठून आली. जमिनीवर दिसणारे खालचे सात थर तेवढे हेरोदचे. वरचे दगड लहान होत गेलेले, नंतरच्या राजवटींचे. कोण कुठे थांबलं आणि पुढे कोणी चढवलं, हे रात्री वाचता येतं. माणसं कपाळ टेकवून उभी होती. बायकांच्या बाजूला एक आजी भिंतीला पाठ न दाखवता उलट पावली मागे आली. माझी आजी गाभाऱ्यातून अशीच निघायची.

परतल्यावर मुक्कामाच्या स्वयंपाकघरात दूध तापवलं. मसाल्याची डबी ठाण्याहून आणली होतीच. गच्चीवर एक डच मुलगा बसला होता, त्यालाही दिलं. त्याला जायफळ ओळखता आलं, केशर नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर : कुलूप

दिवसा झोप. संध्याकाळी पवित्र कबरीच्या चर्चमध्ये गेलो, ते मुळात दार बंद होताना पाहायला.

येशूला जिथे क्रुसावर दिलं आणि पुरलं असं मानतात, ते हे चर्च. आत ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन अशा अनेक पंथांचा वाटा. कोणता दिवा कोणाचा, कोणती पायरी कोणी झाडायची, हे ऑटोमन काळात ठरलं आणि तसंच चालू आहे. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून उभी आहे, कारण ती कोणी हलवायची यावर एकमत होत नाही. आपल्याकडची भावकी आठवली. तिथे निदान कोर्टात तारीख तरी पडते.

किल्ली मात्र दोन मुसलमान घराण्यांकडे. जूदे घराणं ती सांभाळतं आणि नुसैबे घराणं दार उघडतं-लावतं. ही व्यवस्था बाराव्या शतकातल्या सुलतान सलाउद्दीनपासूनची, असं सांगतात. अंधार पडल्यावर आतली माणसं पांगली. उरलेले आम्ही पन्नासएक जण अंगणात उभे. एक गृहस्थ आले, साधा कोट, हातात कसलाही डामडौल नाही. दार ओढलं, खालचं कुलूप लावलं, दुसऱ्या एका शिडीवर चढून वरचं लावलं. मग दाराच्या झडपेतून ती शिडी आडवी करून आत सरकवली. आतल्या पाद्र्याने ती घेतली आणि झडप लागली. रात्रभर आत काही पाद्री आणि परवानगी काढून थांबलेले मोजके भाविक, सकाळपर्यंत कोंडलेले.

कोणी बोललं नाही. ते गृहस्थ खिशात हात घालून चालू लागले. दुकान बंद करून घरी निघालेल्या वाण्यासारखे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर : जाफा

जाफाबद्दल थोडंच. ही रात्र पर्यटकांची. हॉटेलं, आइस्क्रीम, लग्नाचे फोटो. बायबलमधला योना संदेष्टा देवाचं काम टाळून पळाला तो याच बंदरातून. आता बंदराच्या गोदामांत जेवणाची दुकानं आहेत.

पण एक सापडलं. जुन्या जाफात गल्ल्यांना राशींची नावं आहेत. आम्ही मेषेतून शिरलो आणि वाट चुकून मीनेतून बाहेर पडलो. समोर समुद्र, आणि पाण्यात काळे खडक. ग्रीक कथेतल्या अँड्रोमेडाला समुद्री राक्षसासाठी साखळीने बांधलं ते इथे. आईने लेकीच्या रूपाची बढाई मारली म्हणून ही शिक्षा. मराठी आकाशात या अँड्रोमेडाला देवयानी म्हणतात, तिच्या आईला शर्मिष्ठा आणि तिला सोडवणाऱ्या पर्सियसला ययाती. आपल्या कथेत शर्मिष्ठा सवत, त्यांच्या कथेत आई. कोणीतरी ग्रीक नकाशावर महाभारत चिकटवलं आणि नाती अशी उलटीपालटी झाली. नवरा यावर अर्धा तास बोलला. लाटा त्या खडकांवर फुटत होत्या आणि शहराच्या झगमगाटात वर देवयानी काही दिसत नव्हती.

"शनिवारी दाखवतो," तो म्हणाला.

बुधवार, १६ ऑक्टोबर : बेत शेआन

भाड्याची गाडी घेतली आणि उत्तरेला यार्देनच्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या खोऱ्यात उतरलो. गाव समुद्रसपाटीच्या शंभराहून अधिक मीटर खाली. पलिष्ट्यांनी शौल राजाचं धड याच गावाच्या तटावर टांगलं होतं, असं बायबल सांगतं. पुढे रोमनांच्या काळात ते मोठं शहर झालं. खांबांच्या रांगांचे रस्ते, स्नानगृहं, हजारो माणसं बसतील असं नाट्यगृह.

तिथे रात्री प्रकाश आणि ध्वनीचा खेळ असतो. आधी एका बाजूला बसून भग्न भिंतींवर उमटणारी चित्रं पाहायची, मग उजळलेल्या अवशेषांतून स्वतः फिरायचं. खरं सांगायचं तर मला असले खेळ फारसे रुचत नाहीत. जांभळा प्रकाश टाकला की दगड नाटकातला वाटू लागतो. पण फिरायची मोकळीक होती, म्हणून आम्ही घोळक्याच्या मागे राहिलो.

रस्त्याच्या फरशा तिरक्या बसवलेल्या, रथांच्या चाकांखाली गुळगुळीत झालेल्या. आणि मग ते पडलेले खांब. १८ जानेवारी ७४९ ला इथे मोठा भूकंप झाला आणि शहर संपलं. काही खांब पुन्हा उभे केलेत, बाकीचे पडले तसेच ठेवलेत, एकाच दिशेला आडवे, जणू कोणी ढकलले.

नवरा थांबला. तो मूळचा औशाचा. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्रीची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या मामाचं घर किल्लारीजवळ, जाड दगडमातीच्या भिंतींचं. त्या रात्रीबद्दल तो लग्नाला वीस वर्षं झाली तरी फारसा बोललेला नाही. तिथे बोलला. आवाज आधी आला, म्हणाला, हलणं नंतर. आणि सकाळ होईस्तोवर काय झालंय ते कळत नव्हतं, कारण गावात दिवे नव्हते.

लाउडस्पीकर केव्हाचा थांबला होता. पूर्वेला गिलादच्या डोंगरांवरून पौर्णिमेनंतर तीन दिवसांचा, एका बाजूने चेपलेला चंद्र वर आलेला. रंगीत दिवे एकेक करून मालवायला लागले. रखवालदार आम्हाला हाकलायला आला, पण नवऱ्याकडे पाहून लांबच उभा राहिला.

गुरुवार, १७ ऑक्टोबर ते शुक्रवार पहाट : मसाडा

यार्देनच्या खोऱ्यातून थेट दक्षिणेला, ९० क्रमांकाचा रस्ता. वाटेत वेस्ट बँकचा पट्टा, तपासनाके, बंदूक घेतलेली विशीतली पोरं, एका बाजूला कुंपण आणि पलीकडे जॉर्डन. मग मृत समुद्र. त्याचं पाणी दर वर्षी मीटरभराहून अधिक खाली जातंय, कारण यार्देनचं पाणी वरच उचललं जातं आणि इथे खनिजांसाठी पाणी आटवलं जातं. जुने किनारे पायऱ्यांसारखे मागे राहिलेत. जमीन खचून पडलेल्या खड्ड्यांमुळे बराच किनारा बंद आहे.

मुक्काम मसाडा किल्ल्याच्या पायथ्याशी. रात्री जॉर्डनच्या डोंगरावरून चंद्र निघाला तो शेजारी रोहिणीला घेऊन. आपल्याकडे ही जोडी नवराबायकोची. या पाण्यात लाट नसते म्हणतात, तरी चांदणं हलत होतं.

गडावर चढणाऱ्या सर्पवाटेचं दार सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. आम्ही सव्वापाचला रांगेत. पुढे सैन्यातली मुलं, मागे कोरियन तरुणांचा गट. गड चढण्यात उमेदवारी केलेल्या मराठी माणसाला ही वाट सोपी. रुंद, आखलेली, कठडे असलेली. राजगड अंधारात चढलेल्यांनी गुडघ्यांची काळजी करू नये. चंद्र माथ्यावर होता, बॅटरी लागली नाही. विचित्र एवढंच, की आपण किल्ला चढतो ते ढगांकडे. इथे पायथा समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली, आणि तासभर घाम गाळून माथ्यावर पोचलं की जेमतेम पन्नास-साठ मीटर वर.

हेरोदने हा बालेकिल्ला बांधला. सन ७३-७४ च्या सुमारास रोमन सैन्याने वेढा दिला. पश्चिमेला मातीचा उतार रचून ते वर चढले, तेव्हा आतल्या ९६० जणांनी शरण जाण्याऐवजी एकमेकांना संपवलं, असं त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो. तो तिथे नव्हता, आणि दुसरा साक्षीदार नाही. अभ्यासक अजून वाद घालतात. आपल्याकडे जोहर हा शब्द तयार असल्याने मला गोष्ट चटकन पटली, आणि नेमकी म्हणूनच मी ती जरा लांब ठेवली.

मला खरं कुतूहल पाण्याचं. गड पाहताना आधी टाकी शोधायची, ही सवय. वायव्येच्या उतारावर खडकात कोरलेली बारा मोठी टाकी आहेत. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी ओढ्यांना येणारा पूर पाटांनी वळवून त्यांत भरायचा, आणि मग गाढवांवरून, माणसांवरून वर आणायचा.

उजाडायला लागलं तशा खाली वाळवंटात रोमन छावण्यांच्या चौकटी दिसू लागल्या. दुपारच्या उन्हात त्या मातीत मिसळून जात असणार. पहाटे दगडी बांधाची सावली पडते म्हणून दिसतात. एक, दोन, तीन, मी आठ मोजल्या. सूर्य आल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझा थोडा विरसच झाला. तारेवरच्या पाळण्यात न बसता चालतच उतरलो, आणि ते उतरणं मात्र गुडघ्यांना कळलं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर : दिमोना

"सूर्य बुडायच्या आत या. नंतर गाडी माझ्या दारात उभी राहायची नाही," असा मावशींचा दम होता.

दिमोना १९५५ साली वसवलेलं, वाळवंटातलं सरळ रेषांचं गाव. बाहेरच्या जगाला ते अणुभट्टीमुळे माहीत. आत मात्र पेणकर, दिवेकर, नवगावकर अशी आडनावं भेटतात, आणि किराणा दुकानात कोकम. परंपरा अशी, की कित्येक शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचा हा वंश. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, आणि तिथे सुरुवातीला त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं. १९६४ साली सरकारने त्यांना बरोबरीचं मानलं. मावशी त्यानंतर आल्या, पण तो राग त्यांना वारशाने मिळालाय.

मावशींनी आधी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग "वाळलीस" म्हणाल्या. हे खोटं आहे. मग दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची खुर्ची मांडवात तशीच ठेवलेली.

मांडव अंगणात. वर खजुराच्या झावळ्या. "नारळाच्या मिळत नाहीत ना इथे," मावशी म्हणाल्या. जेवणात नारळाच्या दुधातलं मटण. मांसाबरोबर दूधदही चालत नाही, त्यामुळे कोकणातला नारळ त्यांच्या धर्माला अगदी सोयीचा पडला. टेबलावर ‘मायबोली’चा अंक, इस्रायलमधून निघणारं मराठी त्रैमासिक. नातवंडं हिब्रूत बोलत होती. त्यांना मराठी कळतं, पण उत्तर येत नाही. फक्त "पुरे" हा शब्द सगळ्यांना येतो.

झावळ्यांतून मी तारे शोधले. रस्त्याचा दिवा आड येत होता. एक दिसला, तो नवऱ्याने अभिजित ठरवला.

शनिवार, १९ ऑक्टोबर : उखळ

दिवसभर कोणी काही केलं नाही. फोन नाही, शेगडी नाही. दुपारी मावशी झोपल्या, आम्हीही. संध्याकाळी धाकटा नातू अंगणात उभा राहून मोजायला लागला. "अहात... श्तायिम..." तिसऱ्याला वेळ लागला. मग शब्बाथ सोडवण्याचा विधी. वेणीसारखी वळलेली मेणबत्ती, द्राक्षरस, आणि हुंगायला मसाला. मावशींच्या डबीत लवंगा. ती डबी फिरत माझ्याकडे आली आणि मला ठाण्याचं त्यांचं माजघर आठवलं. मेणबत्ती रसात विझवली. त्यांनी चहा केला, ठाण्याहून आणलेल्या स्टीलच्या थर्मासमध्ये भरला आणि म्हणाल्या, "आता जा. आता गाडी चालेल."

मित्स्पे रामोन तासाभरावर. रस्त्यावर उंटांच्या सूचनेच्या पाट्या. नवरा घाईत, कारण चंद्र दहाच्या सुमाराला उगवणार होता.

रामोनला सर्रास विवर म्हणतात, पण ते लोणारसारखं नाही. लोणारला बाहेरून काही येऊन आदळलं, हे आतून पोखरलं गेलं. वरचा कठीण खडक फुटला, खालचा मऊ वालुकाश्म पाण्याने वाहून नेला आणि डोंगराच्या जागी खड्डा उरला. चाळीस किलोमीटर लांब, कुठे कुठे पाचशे मीटर खोल. हिब्रूत या प्रकाराला मख्तेश म्हणतात. त्याचा अर्थ उखळ. मला तर आपला शब्दच जास्त बरोबर वाटला. धूप आणि मसाले घेऊन गाझाकडे निघालेले नबाती लोकांचे तांडे या उखळाच्या तळातून जात. त्यांच्या मुक्कामाच्या जागेचे अवशेष अजून आत आहेत.

२०१७ साली या भागाला आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यानाचा दर्जा मिळाला. मध्यपूर्वेतलं ते पहिलं. कड्यावरचं माहिती केंद्र कोलंबिया यानात गेलेल्या इलान रामोन यांच्या स्मरणार्थ आहे. रात्री ते बंद होतं. त्याच यानात कल्पना चावला होत्या. १ फेब्रुवारी २००३ ची ती संध्याकाळ आम्हा दोघांना लख्ख आठवते. टीव्हीवर आकाशात एक पांढरी रेघ, मग तिच्या अनेक रेघा.

गावापासून लांब, कड्यापासून सुरक्षित अंतरावर सतरंजी टाकली. बॅटरीला लाल जिलेटीन कागद. थंडी चांगलीच, ऑक्टोबर वाटत नव्हता. पंधरा मिनिटं काही बोलायचं नाही, डोळ्यांना सवय होऊ द्यायची, असा हुकूम.

आधी तारे वाढले. मग इतके झाले की ओळखीची नक्षत्रं हरवली. नैर्ऋत्येला गुरू आणि शनी खाली उतरलेले. आकाशगंगा त्यांच्या बाजूने उठून हंसाच्या पंखांतून डोक्यावर, आणि शर्मिष्ठेतून पलीकडे. ध्रुव आपल्यापेक्षा बराच वर. ठाण्याला तो इमारतींच्या रांगेत अडकतो, इथे मान उंचावून पाहावा लागला. नवऱ्याने माझा हात धरून बोट फिरवलं, ताऱ्यांच्या मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यापासून दोन तारे डावीकडे, मग दोन वर. "थेट बघू नकोस. जरा बाजूला बघ." आणि डोळ्याच्या कडेला देवयानीतली दीर्घिका, म्हणजे दुसरी आकाशगंगा, आली. कापसाचा बोळा पुसून घेतल्यासारखा डाग. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा. जाफाच्या खडकाला बांधलेली ती ही.

खालच्या काळोखात काहीच दिसत नव्हतं. उखळ आहे हे फक्त थंड वाऱ्यावरून कळायचं, तो खालून वर यायचा. एक उल्का गेली, ती त्याने पाहिली. दुसरी मी पाहिली. दोघांनी एकच अशी एकही पाहिली नाही, आणि यावर थोडं भांडण झालं.

मग पूर्वेची कड पिवळी झाली आणि चंद्र आला, पाऊणभर, लालसर. आधी पलीकडच्या कड्यांचे माथे उजळले, मग उजेड हळूहळू भिंतीवरून खाली उतरला. तळ कितीतरी वेळ काळाच राहिला. वरून तारे एकेक कमी होत गेले. देवयानी मी पुन्हा शोधली, सापडली नाही.

फोन वाजला. मावशी.

"दिसले का गं तारे?"

"खूप. मोजता आले नाहीत."

"आणि थर्मास कुठाय? तो तिथेच विसरून येऊ नका. तुझ्या काकांचा आहे."

थर्मास सतरंजीच्या कोपऱ्यावर होता, ती वाऱ्याने उडू नये म्हणून वजनाला ठेवलेला. त्यात अजून अर्धा कप चहा होता, कोमट.